सर्वांचा समुद्र, जबाबदारी कुणाची?



जे सर्वांचे असते, ते सांभाळायचे कुणी? युरोपातील बाल्टिक समुद्र जवळजवळ बंदिस्त आहे. त्याचे सारे पाणी बदलायला सुमारे ३० वर्षे लागतात. शेतांतील खते व शहरांचे सांडपाणी नद्यांतून त्यात येते, शेवाळ माजते आणि ते कुजताना तळाचा प्राणवायू संपतो.

१९७४ साली, शीतयुद्धाच्या काळात, काठावरच्या सात देशांनी हेलसिंकी येथे करार केला. त्यांत परस्परविरोधी गटांतले देशही होते. अविश्वास संपला नव्हता. पाण्याची तपासणी मात्र सर्वांनी मिळून करायचे ठरले. पुढे सेंट पीटर्सबर्ग शहराचे सांडपाणी शुद्ध करणारा एक मोठा प्रकल्प २००५ मध्ये सुरू झाला. त्यासाठी फिनलंड व स्वीडन यांनीही पैसा दिला. शेजाऱ्याची घाण आपण का काढावी, असे त्यांना म्हणता आले असते. पण पाणी एकच होते.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि रशियासोबतच्या बैठका थांबल्या. अन्यायाला अन्याय म्हणायलाच हवे. मग कर्तव्य संपले का? नाही. शेजारी चुकला म्हणून माझ्या नाल्यातून जाणारी घाण कमी होत नाही. मात्र एकट्याने समुद्र वाचत नाही, हेही खरे. म्हणून आपला वाटा उचलायचा आणि शेजाऱ्याला परतण्याची वाट मोकळी ठेवायची.

आपल्या गावातली सामाईक विहीर, तळे, ओढा आठवा. 'आधी त्याने करावे' असे म्हणत आपण किती वर्षे थांबलो आहोत?