विजय कोणाचा? फ्लॉरेन्सच्या शिल्पांतला दावीद

बायबलच्या जुन्या करारात, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात, दावीद आणि गल्याथ यांच्या लढतीची कथा येते. पलिष्ट्यांचा योद्धा गल्याथ सहा हात एक वीत उंच, नखशिखान्त चिलखतात. चाळीस दिवस तो इस्राएलच्या सैन्याला आव्हान देतो आणि कोणीही पुढे होत नाही. बेथलेहेमच्या इशायाचा धाकटा मुलगा दावीद घरची मेंढरे राखणारा. भावांसाठी शिधा घेऊन तो छावणीत येतो आणि लढायला तयार होतो. शौल राजा आपले चिलखत त्याच्या अंगावर चढवतो, पण त्यात त्याला धड चालताही येत नाही. ते उतरवून तो काठी, गोफण आणि ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे घेऊन निघतो. पहिलाच गोटा गल्याथाच्या कपाळात रुततो. दाविदाजवळ तलवार नसते, म्हणून गल्याथाचीच तलवार उपसून तो त्याचे शिर कापतो.

हे युद्ध परमेश्वराचे आहे, तारणारा तोच, असे दावीद लढतीआधीच गल्याथाला बजावतो. म्हणजे विजयाचा धनी दावीद नव्हे. पण नेम धरणारा हात दाविदाचाच असतो, आणि कळपावर आलेले सिंह व अस्वल आपण मारले आहेत हेही त्याने शौलाला सांगितलेले असते. ईश्वरी कृपा किती आणि माणसाचे कर्तृत्व किती, हा प्रश्न कथेच्या पोटातच आहे. वाचणाऱ्याला दोन्ही गोष्टी एकत्र ठेवता येतात. शिल्पकाराला मात्र एक क्षण, एक वय आणि एक देहठेवण पक्की करावीच लागते, आणि त्या निवडीतच त्याचे उत्तर येते.

प्रबोधनकाळातल्या फ्लॉरेन्समध्ये या प्रश्नाला राजकारणाचीही धार होती. मिलान आणि नेपल्स यांसारख्या बलाढ्य सत्तांपुढे उभे राहिलेले हे छोटे प्रजासत्ताक दाविदात स्वतःला पाहत होते. डोनाटेलोने 1408-09 मध्ये संगमरवरात घडवलेला दावीद मुळात कॅथेड्रलसाठी होता. 1416 मध्ये नगरशासनाने तो आपल्या प्रासादात नेला. देशासाठी शौर्याने लढणाऱ्यांना भयंकर शत्रूविरुद्धही देवाचे साहाय्य मिळते, अशा अर्थाचा लेख त्याच्याशी जोडला गेला. पायाशी गल्याथाचे शिर असले तरी वस्त्रे ल्यालेला हा तरुण योद्ध्यापेक्षा संदेष्ट्यांच्या रांगेतला वाटतो.

त्याच डोनाटेलोचा ब्राँझचा दावीद पाहणारा आजही क्षणभर गोंधळतो. हे शिल्प बहुधा 1440च्या दशकातले असून शहरावर वर्चस्व असलेल्या मेदिची घराण्याच्या वाड्याच्या चौकात उभे होते. प्राचीन काळानंतर ब्राँझमध्ये घडलेला, सर्व बाजूंनी पाहता येणारा हा पहिला मोठा नग्न पुतळा मानला जातो. उंची सुमारे 158 सेंटीमीटर. अंगावर पानांनी सजवलेली टोपी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट, बाकी काही नाही. एक पाय गल्याथाच्या शिरावर आहे आणि बुटातून बाहेर आलेली बोटे त्याच्या दाढीत गुंतली आहेत. गल्याथाच्या शिरस्त्राणाचा लांब पंख मुलाच्या मांडीच्या आतल्या बाजूने वर गेला आहे. शरीर कोवळे, जवळजवळ मुलीसारखे. दंडात ताकद दिसत नाही आणि हातातली तलवार त्याला पेलवेल असेही वाटत नाही.

या देहातल्या कामुकतेवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. तरी धार्मिक अर्थ तिच्यामुळे पुसला जात नाही. चिलखत नाकारणाऱ्या मुलाची कथा डोनाटेलोने तिच्या टोकापर्यंत नेली: वस्त्रही नाही, बळही नाही. अशा शरीराने राक्षसी योद्धा मारला असेल, तर मारणारा दुसराच कोणी होता. मुलाचा चेहरा खाली झुकलेला आहे. जे घडले ते आपल्या हातून कसे घडले, याचाच तो विचार करत असावा. या लेखातल्या पाचही शिल्पांत बायबलच्या विधानाशी सर्वाधिक इमान राखणारे शिल्प हेच आहे.

व्हेरोक्योचा दावीदही ब्राँझचाच. तोही मेदिचींसाठी घडवलेला. 1476 मध्ये त्यांनी तो 150 फ्लोरिनांना नगरशासनाला विकला. अंगाला घट्ट बसणारे कातडी कवच, कमरेवर टेकवलेला डावा हात, ओठांवर पुसट हसू. कोपराची हाडे आणि हातावरच्या शिरा नेमक्या दिसतात. कोड्यात पडलेल्या मुलाच्या जागी इथे आपण जिंकलो हे पुरते ठाऊक असलेला पोरगा आहे. हातातली तलवारही आखूड, त्याच्या बेताची आहे. ती गल्याथाची वाटत नाही. शत्रूच्याच शस्त्राने शत्रूचा शेवट हा कथेतला मोठा तपशील इथे निसटतो. कारागिरी अप्रतिम असूनही अर्थाच्या दृष्टीने हे शिल्प उथळ राहते.

मायकेलअँजेलोने 1501 ते 1504 या काळात घडवलेल्या दाविदाने प्रश्नच बदलला. काराराच्या खाणीतला हा संगमरवर आधीच्या शिल्पकारांनी थोडा कोरून सोडून दिलेला होता. त्यातून 5.17 मीटर उंचीचा पुतळा निघाला. गल्याथाचे शिर नाही, तलवार नाही. गोफण डाव्या खांद्यावरून पाठीमागे उजव्या हाताकडे गेलेली, समोरून जेमतेम दिसणारी. लढत अजून व्हायची आहे. भार एका पायावर, देह सैल. पण मान वळलेली, कपाळ आक्रसलेले आणि प्रमाणापेक्षा मोठ्या उजव्या हाताच्या शिरा टरारलेल्या. विजय आधी मनात ठरतो, असे हे शिल्प सांगते.

इथे कथेतली मापेच उलटली आहेत. बायबलमध्ये गल्याथ अवाढव्य, दावीद लहान; इथे दावीदच महाकाय, आणि फ्लॉरेन्सचे लोकही या पुतळ्याला राक्षस म्हणत. मग परमेश्वर कुठे आहे? पिको देल्ला मिरान्दोला या विचारवंताने 1486 मध्ये मांडले होते, की आपण काय व्हायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य ईश्वरानेच माणसाला दिले. त्या विचाराच्या उजेडात मायकेलअँजेलोचा दावीद नास्तिक ठरत नाही: कृपा बाहेरून येत नाही, घडवलेल्या देहात आणि संकल्पात ती आधीच आहे. तरीही कथेतली नम्रता इथे कमी झाली, हे मान्य करावे लागते. पाच मीटरच्या वीराला देवाची गरज पटवून देणे कठीण आहे.

जागेनेही तोच अर्थ पक्का केला. पुतळा कॅथेड्रलच्या वरच्या भागासाठी मागवलेला होता. जानेवारी 1504 मध्ये जागा ठरवण्यासाठी जाणकारांची बैठक झाली. त्यांत लिओनार्दो दा विंची आणि बोत्तिचेल्ली होते. शेवटी तो नगरशासनाच्या प्रासादाच्या दाराशी उभा राहिला. मेदिची 1494 मध्ये परागंदा झाले होते, आणि पुन्हा जिवंत झालेल्या प्रजासत्ताकाला दारात राखणदार हवा होता. 1873 मध्ये मूळ पुतळा अकादमिया या कलादालनात हलवला गेला.

पाचवे शिल्प फ्लॉरेन्सबाहेरचे: बर्नीनीचा दावीद (1623-24, रोम) प्रबोधनकाळानंतरचा, बरोक शैलीतला. तो गोफण फिरवण्याच्या ऐन क्षणी पकडलेला आहे: ओठ दातांत दाबलेला, सगळे अंग पिळलेले. मात्र त्याच्या पायाशी शौलाचे उतरवून टाकलेले चिलखत आहे आणि स्तोत्रकार दाविदाची वीणाही. माणसाच्या प्रयत्नाची परिसीमा दाखवणाऱ्या या शिल्पात, मायकेलअँजेलोने गाळलेल्या धर्मकथेच्या खुणा अशा रीतीने पुन्हा आल्या.