गुरू कुणाच्या बाजूचा?

औंढा नागनाथाच्या गाभाऱ्यात ताठ मानेनं जाता येत नाही. पिंड जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद वाटेनं अंग चोरत, वाकून उतरावं लागतं. नंदी समोर शोधाल तर तो देवळामागे सापडतो. नामदेवांसाठी देऊळच फिरलं, असं भाविक सांगतात. मला मात्र इथली दुसरी कथा अधिक मोलाची वाटते. गोरोबाकाकांनी थापटी मारून नामदेवांना कच्चं ठरवलं आणि ते गुरूच्या शोधात औंढ्याला आले. पाहतात तो विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून खुशाल पडलेले! नामदेव संतापले. देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव, असं विसोबांनी सांगितलं, आणि तशी जागा काही मिळेना.

मडकं कच्चं आहे, एवढं सांगून गोरोबा मोकळे झाले. ते भाजायचं काम विसोबांकडे आलं. तेही मुळात कोण? आधी ज्ञानेश्वरादी भावंडांना छळणारे, मग वयानं लहान असलेल्या त्यांच्याच पायाशी बसलेले. विरोधकाकडून शिकता येतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

नाशिकच्या शैलजा जैन यांची कारकीर्द पाहताना हे आठवतं. कबड्डीच्या या प्रशिक्षक इराणला गेल्या, फारसी शिकल्या आणि डोकं झाकून खेळणाऱ्या तिथल्या मुलींना सरावात योग-प्राणायामाची सवय लावली. आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी 2010 साली आली. पहिली दोन्ही सुवर्णपदकं भारताची. 24 ऑगस्ट 2018 रोजी जाकार्तात इराणनं अंतिम सामन्यात भारताला 27-24 असं हरवलं. मग 'आपल्याच बाईनं आपल्याला हरवलं' असा सूर निघणारच.

इतर खेळांना याचं नवल उरलेलं नाही. जर्मनीच्या महिला बास्केटबॉल संघानं 2024 साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा ऑलिंपिक गाठलं, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक लिसा थोमाईडिस कॅनडाच्या होत्या. त्याआधी त्यांनी कॅनडाचाच संघ घडवला होता. खेळाडू देशाचा झेंडा खांद्यावर घेतो. प्रशिक्षकाची निष्ठा आधी विद्येशी असते, आणि समोर शिकायला उभी असलेली पोर कुठली, हा प्रश्न विद्येला पडत नाही.

आपली खरी अडचण वेगळीच आहे. कबड्डी जगभर जावी असं आपल्याला वाटतं, पण जगानं ती आपल्याइतकी चांगली खेळू नये असंही वाटतं. या दोन इच्छा एकत्र नांदणार कशा? नामदेव पंजाबात घुमानला गेले, त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आली, याचा आपण अभिमान मिरवतो. मराठी मातीतली विद्या परक्यांना दिली म्हणून त्यांच्याकडे कुणी हिशेब मागत नाही. शैलजाताईंनाही तेच माप लावायला हवं, आणि ते आपण हरलो त्या दिवशी लावता आलं तरच त्याला काही अर्थ आहे.