फसलेला बहर

मंगरूळपीर, कारंजा, मालेगाव या तालुक्यांतल्या संत्रा बगीच्यांत साधारणपणे दोनपैकी एक बहर धरतात. पावसाळ्याच्या तोंडावर, जून-जुलैत फुटतो तो मृग बहर. त्याची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतात. थंडी ओसरताना, जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो तो आंबिया. त्याच्या तोडणीला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. त्यामुळे माघ-फाल्गुनात धुऱ्याच्या अलीकडे व्यापाऱ्याची वाट पाहणारी रंगावर आलेली फळे आणि पलीकडे नुकती उमललेली फुले, असे दृश्य वाशीम जिल्ह्यात नेहमीचे आहे. वर्षातला सर्वांत बेभरवशाचा काळ नेमका या दोघांच्याही वाट्याला येतो.

हा बेभरवसा आताचा आहे, पूर्वी ऋतू कसे वेळेवर यायचे, असे पारावर बसून सांगणारा माणूस प्रत्येक गावात असतो. त्याचे म्हणणे ऐकायला गोड लागते, पण गारपिटीपुरते तरी ते खरे नाही. या दिवसांत जमीन दुपारपर्यंत तापते, बंगालच्या उपसागरावरून बाष्प आत येते, आणि वरच्या थरात उत्तरेकडची थंड कोरडी हवा असते. या तिघांची गाठ पडली की ढग झपाट्याने उंच चढतो. पावसाळ्याच्या मानाने या दिवसांत गोठणपातळी खाली असते, म्हणून गार वाटेत वितळण्याआधीच जमिनीवर पोहोचते. ही रचना वसंताचीच आहे. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर गारा पडत राहिल्या. ११ फेब्रुवारी २०१८ ला जालना, बुलडाणा आणि वाशीम जिल्ह्यांत काही मिनिटांत शेते झोडपली गेली. ९ एप्रिल २०२३ ला शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारस येथे वादळात झाड शेडवर कोसळून सात जण दगावले. पारावरच्या माणसाचे एवढेच खरे, की असे तडाखे आता जास्त बोचतात, कारण पूर्वी जिथे ज्वारी कापून रान मोकळे झालेले असे, तिथे आज आठ-दहा वर्षे वाढवलेला बगीचा उभा आहे.

ज्या वर्षी गार पडत नाही त्या वर्षी गावात आणि कचेरीतही एकच वाक्य ऐकू येते: यंदा बगीचे वाचले. हे वाक्य तपासून घ्यायला हवे. फळझाडाच्या दृष्टीने वाईट हवामान दोन जातींचे असते, एक मारणारे आणि दुसरे फसवणारे. गार मारते. तिचा मार फळाच्या एकाच अंगाला, वाऱ्याच्या बाजूला बसतो. तिथे खोलगट तपकिरी डाग उरतो, कोवळ्या फांदीची साल त्याच बाजूला फाटते आणि काही दिवसांनी त्या फटीतून डिंक येऊ लागतो. मोडलेल्या फांद्या छाटणे, जखमांना बोर्डो मलम लावणे, एक किलो मोरचूद आणि एक किलो चुन्याचे शंभर लिटर पाण्यातले बोर्डो मिश्रण फवारणे, पडलेली फळे गोळा करून बगीच्याबाहेर नेणे, हे उपाय बागायतदारांना पाठ आहेत. मार दिसतो, म्हणून त्याचा पंचनामाही होतो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर गेले की मदतीचा हिशेब सुरू होतो.

फसवणाऱ्या हवामानाचा मात्र आवाज होत नाही. आंबिया धरायचा तर डिसेंबरच्या सुमारास ओलित बंद करून झाडाला ताण देतात. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिनेही लागतात. वाढ थांबते, पाने मलूल होतात, थोडी गळतात, आणि खर्च न झालेले अन्न काडीत साठते. मग खत देऊन आधी हलके आणि नंतर भरपूर पाणी दिले की बगीचा एकदम फुलतो. या मधल्या काळात नुसता चांगला शिडकावा झाला, चार-सहा दिवस आभाळ राहून रात्री उबदार गेल्या, तरी झाडाला वाटते की ताण संपला. अर्धवट ताणावर फुलांऐवजी नवती फुटते. मार्चअखेरीस अशा झाडाकडे जवळून पाहिले तर एका फांदीवर वाटाण्याएवढी फळे, दुसरीवर उशिराची फुले आणि तिसरीवर नुसती पोपटी पाने दिसतात. झाड हिरवेगार, पान फाटलेले नाही, फांदी मोडलेली नाही. पंचनाम्यात लिहायचे काय? नोव्हेंबरात व्यापारी बगीचा उक्ता मागायला येतो तेव्हाच तूट कळते, आणि तोवर ती तूट खत, पाणी किंवा मालकाचा आळस यांच्या नावावर मांडून झालेली असते.

रिसोड-मालेगावकडे कांद्याचे बियाणे घेणाऱ्यांना ही फसवणूक चांगली परिचयाची आहे, त्यासाठी थोडे आडवाटेला जायला हरकत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कांद्याचे गोंडे उमलतात आणि बी भरणे बरेचसे मधमाश्यांवर अवलंबून असते. आभाळ राहिले की मधमाशी बाहेर पडत नाही. थेंबही न पडता, एकही डेंगळा न मोडता, गोंडे पोचट राहतात. अशा दिवसांत फुलकिडे वाढले म्हणून कीटकनाशक मारावे, तर ऊन पडल्यावर आलेली मधमाशीही मरते. संकट आलेच नाही, तरी पीक गेले!

हवामानावर आधारित फळपीक विमा फसव्या हवामानाची दखल घेतो, हे मान्य करायला हवे. त्यात अवेळी पाऊस आणि तापमानही धरलेले असते. पण तो मोजतो महसूल मंडळातल्या केंद्रावरची हवा. त्याच सरीने बरड रानातला ताण तुटतो आणि भारी रानातला तितकासा हलतही नाही, किंवा भारी रानात तो मुळात बसलेलाच नसतो. झाडावर काय घडले ते केंद्राला ठाऊक नसते. तेव्हा ताणाचा दिवस, पाणी सोडल्याचा दिवस आणि फुलांचा दिवस यांची नोंद ठेवून नुकसान झाडाच्या वेळापत्रकावरून ठरवावे, अशी मागणी वाजवी ठरते.

इथवर दोष हवामानाचा. पण या मागणीतच एक अडचण दडलेली आहे: ते वेळापत्रक झाडाचे नसतेच. ताण देणे म्हणजे झाडाला दुष्काळाची हूल देणे. भारी जमिनीत ताण बसेना तर क्लोरमेक्वाटसारखे वाढरोधक फवारून तीच हूल पक्की करतात. झाडाला पहिल्यांदा फसवतो तो बागायतदार, अवकाळी पाऊस त्याच्या मागून येतो. आणि बागायतदार फसवतो ते सगळे झाड एकाच वेळी फुलावे म्हणून, कारण बगीचा एका सौद्यात विकायचा असतो. परसातल्या लिंबाला कोणी ताण देत नाही. ते अधूनमधून फुलत राहते, एखादी सर चुकीच्या दिवशी आली तर थोडी फुले जातात, बाकीची राहतात. बगीच्यात वर्षाची सगळी फुले दोन-तीन आठवड्यांत गोळा केलेली असतात, म्हणून एका आठवड्याचे आभाळ वर्षभराचे उत्पन्न घेऊन जाऊ शकते. फसवे हवामान घातक होते ते या गर्दीमुळे. गारही त्याच गर्दीवर पडते, त्यामुळे मारणारे आणि फसवणारे हा भेद झाडापाशी जितका ठळक दिसतो तितका हिशेबात उरत नाही.

मग लिंबासारखी मोकळीक संत्र्याला द्यावी काय? विखुरलेल्या फळांना व्यापारी भाव देत नाही आणि एकाच झाडावर दोन्ही बहर पोसले तर झाड थकते, म्हणून ते जमणार नाही. त्यापेक्षा झाडे वाटून घेणे शहाणपणाचे, काही ओळी आंबियाला आणि काही मृगाला. मृगाचा ताणही एप्रिल-मेच्या अवकाळीने तुटू शकतो, पण दोन्ही ताण एकाच वर्षी तुटण्याची शक्यता कमी.

ही वाटणी कागदावर सोपी आहे. प्रत्यक्षात ती विहीर ठरवते. आंबियाच्या कोवळ्या फळांना एप्रिल-मेच्या उन्हात पाणी लागते, नाहीतर फळगळ होते. मृगाला त्याच दिवसांत पाणी तोडायचे असते. वाशीम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर वसला आहे. काटेपूर्णा इथून उत्तरेला तापी खोऱ्यात जाते, अरुणावती आणि अडाण गोदावरीच्या खोऱ्यात. बेसाल्टच्या या पठारावर पडलेले पाणी फार थांबत नाही. ज्याची विहीर मेपर्यंत चालते किंवा ज्याचे शेततळे अस्तर घातलेले आहे, त्याला अर्धा बगीचा आंबियाला देता येतो. ज्याची विहीर मार्चमध्येच तळ गाठते, त्याने किती ओळी आंबियाला ठेवायच्या याचा निर्णय डिसेंबरात, ताण देण्यापूर्वी, विहिरीतले पाणी मोजूनच करायचा असतो.