परसातली खोपी

कुर्ल्याच्या ख्रिस्ती गावातील जुन्या घरांच्या परसात एखादी खोपी असे. तीत सरपण, कोंबड्यांचे खुराडे, मसाला कुटण्याचे उखळ. कौलांवर चढलेला दुध्याचा वेल आठवला की आजही मन हळवे होते. पण कुणाचे? पुढल्या ओटीवर वाढलेल्यांचे.

1886 साली जमशेटजी टाटांनी कुर्ल्यातील एक डबघाईला आलेली गिरणी विकत घेतली, तीच 'स्वदेशी'. गिरणीकामगार येत गेले, तशी परसेही भाड्याने जाऊ लागली. जे छप्पर जनावरांसाठी होते, त्याखाली माणसांचे संसार थाटले गेले. आमच्या खोपीतही एक कुटुंब राहिले, आजही राहते. त्याच्या भाड्यातून आमची शाळेची फी निघे. नाताळात आम्ही ओटीवर गवत अंथरून येशूबाळाचा गोठा सजवीत असू आणि फराळाचे ताट त्या कुटुंबाला पाठवीत असू, मागल्या दाराने! लूककृत शुभवर्तमानात उतारशाळेत जागा न मिळालेल्यांची कथा आम्हांस तोंडपाठ होती.

आता घर पाडून इमारत व्हायची आहे. कायदा काय म्हणतो ते वकील सांगतील. न्याय कोणता, हे मात्र मलाच ठरवायचे आहे. मांडलेल्या नकाशात खोपीच्या जागी 'गोठा, रिकामा' असे लिहिले आहे. त्याखाली माझी सही हवी आहे.