हा शब्द कोणाचा?

‘शेवटी ‘ली’ आलं की क्रियाविशेषण, नाही आलं की विशेषण’ हा नियम शाळेत इंग्रजी शिकलेल्या बहुतेकांना पाठ असतो. ‘स्लो’ विशेषण, ‘स्लोली’ क्रियाविशेषण. परीक्षेतल्या रिकाम्या जागा भरण्यापुरता तो चालतो, पुढे दगा देतो. ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘लोनली’ ही चक्क विशेषणं आहेत. ‘फास्ट’ला ‘ली’ लागतच नाही. ‘फास्ट ट्रेन’मध्ये तो विशेषण असतो, ‘ही रन्स फास्ट’मध्ये क्रियाविशेषण. ‘हार्ड’ला ‘ली’ लागतं, पण अर्थच पालटतो. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे माणूस कष्टाळू. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे कामाच्या नावानं शंखच.

हा घोळ हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतून आला आहे. तेव्हा ‘लीच’ हा प्रत्यय नामाला लावून विशेषण करत, आणि विशेषणाला शेवटी ‘ए’ जोडला की क्रियाविशेषण होई. पुढे उच्चार झिजले, शेवटचा ‘ए’ गळाला. ‘लीच’ आणि ‘लीचे’ दोन्ही ‘ली’ झाले. ज्या क्रियाविशेषणांना नुसत्या ‘ए’चाच आधार होता, ती ‘फास्ट’, ‘हार्ड’ अशी बोडकी राहिली.

म्हणून रूप पाहून निवाडा करू नये. हा शब्द कोणाबद्दल बोलतो, एवढंच विचारावं. नामाबद्दल किंवा सर्वनामाबद्दल बोलत असेल तर विशेषण. क्रियेबद्दल, दुसऱ्या विशेषणाबद्दल, कधी अख्ख्या वाक्याबद्दल बोलत असेल तर क्रियाविशेषण.

खरी फसगत होते ती विशेषण क्रियापदानंतर येतं तेव्हा. ‘शी लुक्ड अँग्री’: ती रागावलेली दिसली. राग तिचा, म्हणून विशेषण. ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम’: तिनं त्याच्याकडे रागानं पाहिलं. इथे पाहण्याची तऱ्हा सांगितली आहे. शंका आली तर क्रियापद काढून ‘वॉज’ घालून बघा. ‘शी वॉज अँग्री’ जमतं. ‘शी वॉज अँग्रिली ॲट हिम’ कानालाच खटकतं.

आपल्याला हा भेद जड जातो याचं एक कारण मराठीतच आहे. ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’ असं आपण सहज म्हणतो. वर्णन गाण्याचं, पण शब्द बदलतो तो गाणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे. एकच शब्द दोन्हीकडे राबवायची ही सवय इंग्रजीत नेली की ‘शी सिंग्ज गुड’ तयार होतं. प्रमाण इंग्रजीत तिथे ‘वेल’ हवं.

आणि उलट टोकाची चूकही होते. नियम पाळण्याच्या धास्तीनं काही जण ‘आय फील बॅडली’ लिहितात. वाईट वाटतं ते माणसाला, वाटण्याच्या क्रियेत काही बिघाड नसतो. तेव्हा दिलगिरीच्या पत्रात निर्धास्तपणे ‘आय फील बॅड’ लिहा.