तडजोड कोणाच्या खर्चानें?

स्वतःच्या वाट्यांतून दुसऱ्यास थोडें देऊन सलोखा राखणें यास व्यवहारांत शहाणपण म्हणतात. परंतु जो वाटा आपला नाहींच, तो देऊन साधलेल्या सलोख्यास काय म्हणावें? हवामानविषयक कायद्यांसाठीं पक्षापक्षांत जे सौदे होतात, ते पाहतांना हा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं.

अमेरिकेंत १९९० सालीं हवाशुद्धीच्या कायद्याची मोठी दुरुस्ती सिनेटमध्यें ८९ विरुद्ध १० मतांनीं संमत झाली. अध्यक्ष थोरले बुश रिपब्लिकन, सिनेटमधील बहुमत डेमोक्रॅटांचें. गंधकाच्या धुरावर एकंदर मर्यादा घालावी आणि त्या मर्यादेंतील परवाने वीजकंपन्यांनीं आपसांत विकावे-घ्यावे, या योजनेंत एकास निर्बंध दिसला, दुसऱ्यास बाजार.

२०२२ चा ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’ मात्र रिपब्लिकनांच्या एकाही मतावांचून, ५०-५० अशी बरोबरी झाल्यावर उपाध्यक्षा कमला हॅरिस यांच्या मतानें तरला. खरी घासाघीस झाली ती एकाच पक्षाच्या घरांत, कोळशाच्या मुलखांतील सिनेटर जो मॅन्चिन यांच्याशीं. समुद्रांत पवनचक्क्यांसाठीं पट्टा द्यावयाचा, तर आधींच्या वर्षभरांत तेल व वायूसाठीं निदान सहा कोटी एकर समुद्र देऊं केलेला असला पाहिजे, अशी दहा वर्षांपुरती अट त्यांत आली. औषधाच्या पुडीबरोबर विषाचीही पुडी घेण्याची ही सक्ती!

अज्ञान वारसाची जमीन पालकास विकतां येते. पण गरज अथवा वारसाचें हित दाखविल्यावांचून नव्हे, हा दंडक आपल्याकडे जुना आहे. त्या कसोटीनें ती अट आम्हांस क्षम्य वाटते. ती नाकारली असती तर कायदाच बुडता, आणि वाट पाहण्यांत गेलेल्या वर्षांचा खर्चही वारसाच्याच खातीं पडता. परंतु २०२५ सालीं सत्ता पालटलेली होती. पुन्हां उपाध्यक्षांच्याच निर्णायक मतानें पवन व सौर विजेच्या करसवलतींना मोठी कात्री लागली, आणि तेलाचे लिलाव तेवढे राहिले, किंबहुना वाढले. सवलत पुढची सभा मागें घेऊं शकते. हवेंत गेलेला कर्बवायु शतकानुशतकें तेथेंच राहतो.

दोन्ही पक्षांचें एकमत असतें तर असें झालें नसतें, असें कोणी म्हणेल. ब्रिटनमध्यें २००८ चा हवामान कायदा सर्व मोठ्या पक्षांच्या संमतीनें झाला. २०१९ सालीं थेरेसा मे यांच्या हुजूर सरकारनें त्यांतील लक्ष्य अधिक कडक केलें. आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत त्याच पक्षाच्या पुढारी केमी बेडनॉक यांनीं, सत्ता मिळाल्यास तो कायदाच रद्द करूं, असें जाहीर केलें.