उद्या कोणाचा?

दूरदृष्टी हा मोठा गुण आहे, याविषयी आपल्यात दुमत नाही. आई मुलांच्या शिक्षणासाठी चार पैसे बाजूला टाकते; आजोबा फणसाचे रोप लावतात आणि गरे नातवंडे खातात. सरकारनेही पन्नास वर्षांपुढचे पाहावे, असे आपण म्हणतो. मात्र पुढचे पाहत चालणाऱ्याच्या पायाखाली कोणाचे अंगण येते, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर हा प्रश्न गेली चाळीस-पन्नास वर्षे उत्तराची वाट पाहत आहे.

बंदर ही गोष्टच अशी, की तिला लांबचे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. धक्का बांधला म्हणजे काम संपले असे होत नाही. बोटीवरून उतरलेली पेटी ठेवावयाला मोकळे आवार लागते. आवारातून बाहेर पडावयाला रस्ता आणि रेल्वे लागते. गाड्यांना थांबावयाला जागा लागते. मुंबईच्या जुन्या गोद्यांना शहराने चहूंकडून वेढले; त्यांना हातपाय पसरावयाला जागा उरली नाही. म्हणून खाडीपलीकडे, उरण तालुक्यात, न्हावा-शेवा येथे नवे बंदर उभारले गेले. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले. २०२४-२५ या एका वर्षात वीसफुटी पेटीच्या मापाने ७० लाखांहून अधिक पेट्यांची तेथे ये-जा झाली. अशा बंदरासाठी जमीन आधीच राखून ठेवणे हे शहाणपणाचेच होते.

परंतु नकाशावर मोकळी दिसणारी ती जमीन खरोखर मोकळी नव्हती. खारजमिनीतली भातशेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगावयास नको. भरतीचे पाणी अडवण्यासाठी तेथे मातीचे बांध घालावे लागतात. ओहोटीला आतले पाणी सोडावयाचे आणि भरतीला वाट बंद करावयाची, यासाठी उघाडी ठेवावी लागते. पावसाच्या गोड्या पाण्याने मातीतला खार धुऊन निघतो, तेव्हा कुठे भात उभे राहते. एकदा बांध फुटून खारे पाणी शिरले, की ते शेत सहजासहजी पुन्हा हाती लागत नाही. म्हणून बापाने घातलेला बांध मुलाने आणि मुलाने राखलेला नातवाने दर वर्षी डागडुजी करून सांभाळावयाचा. ही दीर्घकाळाची योजना नव्हे तर काय? कोळ्याचेही तसेच. खाडीच्या कोणत्या वळणावर कोणत्या हंगामात काय मिळते, हे ज्ञान पिढ्यांनी साठवलेले असते. तेव्हा एकीकडे दूरचे पाहणारे तज्ज्ञ आणि दुसरीकडे आजच्या घासापुरते पाहणारे गावकरी, हे चित्रच खोटे आहे. तेथे दोन उद्या समोरासमोर आल्या होत्या, आणि कागदावर त्यांतील एकच लिहिलेली होती.

आपल्याकडे ही दृष्टी पूर्वी नव्हती असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. जहाजांना लाकूड हवे, आणि राज्याला जहाजे हवीत. तरीही रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असे तेथे बजावले आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. फारच जीर्ण झालेले झाड घ्यावयाचे झाले, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे. राज्याला जशी पुढची चिंता असते तशी रयतेलाही असते, ही जाण त्या लेखणीत आहे.

आमच्या काळात काय झाले? नव्या मुंबईसाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनीला रास्त मोबदला मागत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण प्राणास मुकले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून पुढे आले. बंदराला जमीन देणाऱ्यांना त्या जमिनीची इरादापत्रे वाटण्याचा समारंभ झाला तो १६ ऑगस्ट २०१४ रोजी. बंदर सुरू झाल्यानंतर पंचवीस वर्षांनी. शेवा कोळीवाड्याची माणसे उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात आणून वसवली. तेथील घरांना वाळवी लागली, आणि पुन्हा वसवा म्हणत त्यांना वर्षानुवर्षे दारे ठोठावावी लागली. तिवरे तुटली, खाड्या भरल्या, मासळी गेली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी.

माझ्या मते, या सगळ्यात नीतीचा मुद्दा एकच आहे. धक्क्याला तारीख होती, घराला नव्हती.

कोणी म्हणेल, एका कोळीवाड्यासाठी देशाने थांबावे काय? थांबू नये. देशाला बंदर हवे, आणि त्यातून पोट भरणाऱ्यांत उरण-पनवेलची मुलेही आहेत. पण त्याग करणे वेगळे आणि दुसऱ्याला त्याग करावयास लावणे वेगळे. दुसऱ्याकडून जो त्याग घेतो, तो ऋणको होतो. सावकाराचे कर्ज मुदतीत फेडणारे आपण, हे ऋण मात्र बेमुदत ठेवतो.

आणखी एक गोष्ट. बंदरे अमर नसतात. चौलचे नाव पहिल्या शतकातील ग्रीक खलाशाच्या वर्णनात आहे. पुढे अनेक शतके तेथे परदेशी गलबते लागत होती. आज तेथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. व्यापार गेला, तरी माती आणि विहिरींचे पाणी राहिले, म्हणून माणसेही राहिली. भराव घालून सिमेंटने झाकलेल्या खाडीवर वाडी उभी राहील काय? पन्नास वर्षांची योजना करणाऱ्याने बोटी येईनाशा होतील त्या दिवसाचाही विचार करावयास हवा.

२०२१ च्या कायद्याने मोठ्या बंदरांना आपल्या हद्दीतील जमिनीचा आराखडा स्वतः करण्याचा अधिकार दिला. स्थानिक आराखड्याशी विरोध आला तर बंदराचाच आराखडा वरचढ ठरतो. ज्याचा शब्द शेवटचा, त्याच्यावर ऐकून घेण्याची जबाबदारीही अधिक. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे, आणि तेथील मच्छीमारांचा विरोध सर्वांना ठाऊक आहे. तेथला आराखडा मराठीत लिहून गावोगावच्या ग्रामपंचायतीत लावावा. धक्का कधी पुरा होणार याच्या शेजारीच कोणाचे घर, कोणाचा रोजगार, कोणत्या तारखेला उभा राहणार, हेही लिहावे. आणि ती तारीख चुकली तर धक्क्याचे कामही थांबावे. एवढे झाले, तर पुढच्या एखाद्या दिवाळीत किनाऱ्यावरची माणसे बंदराचे दिवे आपलेही आहेत असे म्हणू शकतील.